सलीमाभाबीला खरं सांगायचं

नागोठण्यावरनं रोह्याकडं निघालात की खिंड लागायच्या आधी डाव्या हाताला पत्र्याची एक शेड दिसते. वर पाटी हाय, 'वाजिद ऑटो गॅरेज'. आत वाजिद नाय. वाजिद बारा वर्षं झाली, मस्कतला हाय. आत असते ती त्याची बायको, सलीमाभाबी. सलवारीवर वाजिदचा जुना खाकी शर्ट, ओढणी डोक्याभोवती घट्ट गुंडाळून मानेमागं गाठ. नवा माणूस गाडी ढकलत येतो, आत डोकावतो आणि विचारतो, "मेकॅनिक कुठं गेला?"

"जेवायला गेलाय. तवर मला सांगा काय झालंय."

तो सांगतो. त्याचा चहा पिऊन होईस्तवर गाडी चालू झालेली असते. तरी मेकॅनिक जेवून यायची वाट बघणारे लोक मी पाहिलेत.

मी सुशील, तिचा शेजारी. वय बावन्न, एका कंपनीत कंत्राटावर सुपरवायझर. गाड्यांमधलं मला कळतं, अशी माझी समजूत होती. ती कशी गेली ते सांगायचंय, पण आधी भाबीचं सांगतो. माझं काय, ते कुठनंही सुरू केलं तरी शेवटी मी चिखलातच सापडतो.

भाबीचं माहेर धरमतर खाडीच्या काठचं. बापाचा सुक्या मासळीचा धंदा. लग्न होऊन इकडं आली तवा वाजिद पेणच्या एका गॅरेजात हात काळे करत होता. मग त्यानं हे दुकान टाकलं, चांगलं चाललं, आणि चांगलं चाललेलं असताना तो मस्कतला गेला. जाताना म्हणाला, कुलूप लाव. तिनं लावलं. चौथ्या दिवशी पंक्चर झालेला एक दूधवाला दारात येऊन बसला तो उठेचना. तिनं कुलूप काढलं. ते परत लागलं नाय.

सुरुवातीला ती फोन इंजिनाजवळ धरायची. तिकडं मस्कतला वाजिद आवाज ऐकायचा आणि सांगायचा, टायमिंग चेन हाय, वॉल्व्ह हाय. पुढं त्याच्या ड्युटीचे तास जुळेनात, तशी ती स्वतःच ऐकायला लागली. आता वाजिद सुटीवर येतो तवा गिऱ्हाइकांना चहा देतो.

तिचं खरं नाव झालं ते पुराच्या साली. आंबा नदीचं पाणी नागोठण्याच्या बाजारात शिरलं. उतरलं तवा शेडसमोर अडतीस गाड्या उभ्या, इंजिनात पाणी, टाकीत गाळ, एका सायलेन्सरात तर जिवंत खेकडा. मी मदतीला गेलो. पहिल्याच गाडीला, आतलं पाणी न काढता, जोरात किक मारली. भाबीनं नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून चहा आणायचं काम माझ्याकडं आलं.

आणि तिची एक रीत. गाडीला हात लावायच्या आधी ती माणसाला बाकड्यावर बसवते. "शेवटची नीट कधी चालली? तिथनं सांगा. मधलं काय गाळू नका." आता, माणूस डॉक्टरसमोर बोलतो त्याहून जास्त खोटं मेकॅनिकसमोर बोलतो. तीन जण बसले होते असं कोण सांगणार? एकजण हँडल वाकलेली गाडी घेऊन आला, म्हणाला, झाडाला टेकवून ठेवली होती, घसरली. भाबीनं चेनमधनं एक पीस ओढून काढलं, तांबडं, लांब. "झाडाला पिसं व्हती काय?" त्यानं पाकीट काढलं. ती कुणाचं कुणाला सांगत नाय, हा तिचा मोठा गुण. मला हे ठाऊक, कारण कोंबडी माझी होती, आणि मला ते त्या माणसाकडनंच वर्षानं कळलं.

तर माझी गाडी. गेल्या वर्षी पेणला एकाची जुनी गाडी विकायला होती. उंच, पुढचं मडगार्ड पक्ष्याच्या चोचीसारखं, डोंगर, दगडगोटे, कशावरही चालणारी. मोबाइलवर तसले व्हिडिओ बघून बघून माझ्या अंगात डोंगर आला होता. भाबी त्या दिवशी पेणला पार्ट आणायला आली होती. म्हटलं, चला, एकदा ऐकून घ्या. तिनं गाडी चालू केली, कान दिला, एक चक्कर मारून आली.

"गाडी चांगली हाय."

माझी छाती फुगली.

"पण तुमी घेऊ नका."

"का म्हणून?"

"तुमचे पाय जमिनीला टेकत नाय."

टेकत होते. अंगठे टेकत होते. मी गाडी घेतली. वर बूट घेतले नाडीचे, गुडघ्यापर्यंत, हातमोजे घेतले, काळा गॉगल घेतला. आणि जवळचं दिसायचा चष्मा घरी ठेवायला लागलो, कारण तो गॉगलवर शोभत नव्हता.

आता तो दिवस. दिवाळी होऊन गेली होती. भात कापून झालं होतं, पण पाऊस जायचं नाव घेत नव्हता. भाबीची मुलगी अक्सा रोह्याच्या कॉलेजातनं केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली. भाबीनं तिला जन्मात पान्याला हात लावू दिला नाय. ती शेडमध्ये आली की भाबी ओरडायची, "तिकडं बस गो. एकीचे हात काळे झालेत तेवढे बास." चौदा कंपन्यांना अर्ज गेले होते. एकीनं बोलावलं, रोह्यापलीकडच्या धाटावच्या. लॅबमधली जागा. पत्रात लिहिलं होतं, अकराच्या आत गेटवर हजर, नंतर प्रवेश नाय. आठ महिन्यांत आलेलं हे पहिलं बोलावणं.

साडेनऊला ती फाइल घेऊन, पांढरी ओढणी घेऊन रस्त्यावर उभी राहिली आणि खिंडीतनं बातमी आली की ट्रेलर आडवा झालाय. रस्त्यावर सगळं ऑइल, पोलीस दुचाकीपण सोडत नायत. इकडं गाड्यांची रांग भाबीच्या शेडपर्यंत.

भाबी हातातला पाना धरून नुसती त्या रांगेकडं बघत होती. मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला आणि उठलो.

"मी सोडतो. माळावरनं बैलगाडीची वाट हाय, टेकाड चढून पलीकडं उतरली की रोहा."

"तुमाला ठावं हाय ती?"

"मी गुरं राखलीत तिथं!"

खरं होतं. चाळीस वर्षांमागं, पायी, आणि वाट गुरांना ठाऊक होती.

भाबीनं रांगेकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, मग माझ्या बुटांकडं. दुसरा मार्गच नव्हता, नायतर तिनं पोरगी माझ्या मागं बसवली नसती. अक्साच्या डोक्यावर हेल्मेट घालून पट्टा स्वतः लावला आणि मला म्हणाली, "सावकाश जावा. काय झालं तर खोलाखोली करू नका. पहिला मला फोन."

"व्हय व्हय," मी म्हणालो आणि गॉगल चढवला.

माळावर पहिली दहा मिनिटं मी राजा होतो. मग व्हाळ आला. गुडघाभर पाणी, गोल गोल धोंडे. अक्सा शहाणी, उतरली, चपला हातात घेऊन दगडांवरनं पलीकडं गेली आणि पाय धुवत बसली. मी व्हिडिओतल्यासारखा गाडीवर उभा राहून निघालो. व्हिडिओतला माणूस उभा राहतो तवा त्याची नजर लांब असते म्हणे. माझी नजर अक्सा बघतेय का याच्याकडं होती. पलीकडच्या काठाला मी डाव्या अंगावर असा आपटलो की बेडूकसुद्धा गप्प झाले.

"काका, पडलात?"

"नाय गो! टेकवली जरा. तू हो पुढं, चढ हाय, मी आणतो."

ती पुढं गेली. मी गाडी उचलली, म्हणजे तिसऱ्या दमात उचलली. बघतो तर साइड स्टँडची स्प्रिंग तुटून गेलेली आणि स्टँड खाली लोंबतोय, धोंड्यांवर खडखड वाजतोय. बाजूला शेतात पेंढा पडला होता. ओला पेंढा घेतला, चांगला पीळ दिला आणि स्टँड वर करून बांधून टाकला. आमच्याकडं जे सुटतं ते पेंढ्यानं बांधायचं, भारा असो, कुडाची काठी असो. माझ्या बापानं सायकलचं मडगार्ड चार वर्षं पेंढ्यानं बांधून चालवलं. वरनं चिखल थापला, म्हणजे पेंढा दिसायला नको. काम बघून माझं मलाच बरं वाटलं.

टेकाडावर पोचलो. खाली रोहा दिसायला लागलं आणि गाडीनं एक गचका दिला आणि बंद. दहा वाजून पाच मिनिटं.

बटण दाबलं, चालू झाली. गियर टाकला, बंद. परत चालू, परत गियर, परत बंद.

"अम्मीला फोन लावू?" अक्सा म्हणाली.

"थांब गो. क्लच असणार. दोन मिनिटांचं काम."

आणि मी खोलाखोली सुरू केली. सीट काढली. बॅटरीची वायर ढिली केली, का ते अजून मला सांगता येत नाय. प्लग काढला, फुंकला, बसवला. एअर फिल्टरचं झाकण काढलं, आत बघितलं. गॉगल काढून बघितलं तरी सगळं धूसर. हे चाललेलं असताना बांधावरनं महिपती आला. वालाच्या शेतात राखणीला होता. वाल नुकते उगवले होते आणि मी गाडी त्याच्या कडेच्या दोन ओळींवर उभी केली होती.

"ओ पावनं, गाडी काय वालात लावायची जागा हाय?"

"बंद पडलीय."

"मंग आडवी करा. माझी जुनी स्कूटर अशीच करायची. आडवी केली, हलवली, की चालू."

एवढा आत्मविश्वास बघून मी गाडी आडवी केली. थोडं पेट्रोल वालाला मिळालं. उभी केली, बटण दाबलं. आता टकसुद्धा नाय. आधी ती निदान चालू होऊन बंद पडत होती.

"असं माझ्या स्कूटरीला कदी झालं नाय," महिपती म्हणाला.

साडेदहा झाले. अक्सानं फाइल छातीशी धरली होती आणि खाली रोह्याकडं, त्याच्याही पलीकडं धाटावच्या चिमण्यांकडं बघत होती. दिसत होत्या. हात लांबवला तर लागतील असं वाटत होतं. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका, मी चालत निघाले तर?"

"चालत दोन तास हायत गं बाय," महिपती म्हणाला.

तिनं मोबाइल काढला. रेंज नाय.

"रेंज त्या खडकावर हाय," महिपतीनं बोट दाखवलं. "आमच्या समद्या सोयरिकी त्याच खडकावरनं जुळल्यात."

भाबी सांगंल तसं करायचं तर गाडी खडकाजवळ पायजे. मी आणि महिपतीनं दीडशे किलोची गाडी पन्नास पावलं ढकलली. अक्सानं फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"पोचलीस?" भाबीचा आवाज.

"नाय अम्मी. गाडी बंद पडली. टेकाडावर."

"सुशीलभावांना दे. कानाला नको, तसाच धर. भाव, शेवटची नीट कधी चालली? तिथनं सांगा."

"चढावर नीट होती. वर आली आणि बंद."

"त्याच्या आधी कुठं थांबला व्हतात?"

"कुठं नाय. व्हाळापाशी जरा."

"काय झालं व्हाळापाशी?"

"काय नाय. पाणी बघितलं."

महिपती माझ्या कपड्यांकडं बघत होता. डावी बाजू गळ्यापासून घोट्यापर्यंत लाल चिखल. अक्सापण बघत होती, पण पोर वळणाची, एक शब्द बोलली नाय. तेच जास्त लागत होतं.

"बंद कशी पडली? चालताना, का गियर टाकल्यावर?"

"गियर टाकला की."

"भाव, ही गाडी नवीन पद्धतीची हाय. स्टँड खाली असला की गियर टाकल्यावर इंजिन बंदच व्हतं. स्टँड बघा."

"स्टँड वर हाय," मी म्हणालो. खोटं नव्हतं. मी स्वतः बांधला होता.

"नक्की पूर्ण वर?"

मी खाली वाकलो. चिखल झडला होता, पीळ ढिला झाला होता, आणि स्टँड दोन बोटं खाली लोंबत होता. दोन बोटं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वेगळंच काहीतरी बोलणार होतो, आता कबूल करायला हरकत नाय. इतक्यात अक्सानं घड्याळ बघितलं. नुसतं बघितलं आणि हात खाली घेतला, म्हाताऱ्या माणसासारखा.

"भाबी," मी म्हणालो, "मी व्हाळात पडलो."

"हां. पुढं."

"उभा राहून चालवत होतो. ऐटीत. डाव्या अंगावर पडलो. स्टँडची स्प्रिंग तुटली. मी तो बांधला."

"कशानं?"

मी स्टँडकडं बघितलं.

"सुशील, कशानं बांधलास?" रागावली की भाबी अशी एकेरीवर येते.

"पेंढ्यानं."

फोनमधनं भाबीचा आवाज नाय आला, पण तिच्या शेडमध्ये थांबलेल्या चार-पाच जणांचा आला. तिनंपण स्पीकरवर टाकला होता. महिपती तर खडकावर बसूनच हसला. "आन् माज्या वालात आडवी करायला लावली!" लावली त्यानंच होती, पण वाद घालायची माझी ताकद नव्हती.

"गप ऱ्हा सगळे," भाबी म्हणाली. "आता काय काय खोललंस ते एकेक सांग. पहिल्यापासनं. गाळू नको."

मी सांगितलं. बॅटरीची वायर म्हटल्यावर ती म्हणाली, "म्हणून टक पण नाय. वायर बसव, बोल्ट आवळ."

मी पाना घेतला. बोल्ट दिसेना. दोन बोल्ट दिसत होते, त्यातला खरा कुठला कळेना. पाना सटकून ठिणगी उडाली आणि मी मागं उडालो.

"काकांना दिसत नाय, अम्मी. मी करते."

"तू हात लावू नको!" भाबी एवढ्यानं ओरडली की खडकावरचा कावळा उडाला. "तुला लॅबात जायचंय! कपडे बघ! हात बघ!"

"अम्मी, पावणेअकरा झालेत. लॅबात जायला गाडी लागंल."

फोनमध्ये नुसती रस्त्यावरच्या हॉर्नची गडबड. मग भाबीचा आवाज आला, वेगळाच, दुकानातला. गिऱ्हाइकाशी बोलते तसा.

"दहा नंबरचा पाना घे. त्याच्यावर लिहिलेलं असतंय. लाल वायर आधी. वायरचं टोक पुरं खाली दाब. आता उजवीकडं फिरव. अंगठ्यानं नाय गो, मनगटानं. हाललं काय?"

"नाय."

"आणखी पाव. बास. जास्त आवळलंस तर शिसं चिरतं. आता काळीपण आवळून बघ."

कुठं किती जोर लावायचा हे पोरीला कळत होतं. तीन मिनिटांत वायर बसली, झाकण बसलं. माझ्या खिशात एक स्क्रू उरला, तो मी कुणाला दाखवला नाय. स्टँडला बांधायला भाबीनं दोरी विचारली. दोरी नव्हती. माझ्या बुटाच्या नाड्या होत्या, दीड-दीड वार. दोन्ही काढल्या. अक्सानं स्टँड पूर्ण वर दाबून चार वेढे दिले. गियर टाकला. गाडी चालत राहिली.

"जावा," भाबी म्हणाली. "व्हिडिओतल्यासारखं काय करू नको."

उतारावरनं मी जन्मात चालवली नाय अशी गाडी चालवली, म्हणजे सावकाश. बूट पायात घळघळत होते. धाटावच्या गेटवर पोचलो तवा अकरा वाजून सतरा मिनिटं. अक्साच्या ओढणीवर ऑइल, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. ती खिडकीपाशी गेली. वॉचमननं कागद बघितला, तिच्याकडं बघितलं, माझ्या बुटांकडं बघितलं.

"मॅडम, बसा तिकडं. मुलाखत घेणारे साहेब पेणवरनं यायचेत. खिंडीत अडकलेत. एक वाजंल."

खिंड साडेअकराला मोकळी झाली. म्हणजे अक्सा घरी पंख्याखाली बसून राहिली असती आणि मग विक्रम रिक्षामधनं आली असती तरी वेळेवर पोचली असती, तीपण पांढऱ्या ओढणीत. हे मी वॉचमनला समजावून सांगायला लागलो. तो म्हणाला, गाडी जरा गेटपासनं लांब लावा, तेल गळतंय.

अक्सानं नळावर हात धुतले. साबण नव्हता, मातीनं घासले. तरी नखांत काळं राहिलं. एक वाजता ती आत गेली.

मी बाहेर झाडाखाली. भाबीचा फोन दर वीस मिनिटांनी. आणि गंमत बघा, अख्ख्या तालुक्याला पहिल्यापासनं सांगा म्हणणारी बाई विचारत होती काय, तर "गाडी कशी हाय?" बरी हाय. "स्टँड?" वर हाय. "बॅटरी गरम नाय ना झाली?" नाय. सहा वेळा. पोरीचं नाव एकदा नाय. मीपण सहा वेळा गाडीचंच सांगितलं. एवढं तरी मला कळतं.

पावणेतीनला अक्सा बाहेर आली. फाइल काखेत, चेहऱ्यावर काय ते कळेना.

"साहेबांनी हात बघितले. विचारलं, हे काय? मी सांगितलं सगळं."

"सगळं? पेंढापण?"

"सगळं."

"मग?"

"खूप हसले. मग टायट्रेशनचे प्रश्न विचारले. ते आले." ती थांबली. "एक तारखेपासनं बोलावलंय, काका. सहा महिने ट्रेनिंग."

मी फोन लावून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "अम्मी, झालं." पलीकडचं मला ऐकू आलं, कारण भाबी फोनवर बोलते ती मस्कतला ऐकू जावं असं बोलते.

"त्या माणसाच्या गाडीवर बसू नको. एसटीनं ये."

ती रिक्षानं रोह्याच्या स्टँडवर आल्यावर मी तिला नागोठण्याच्या एसटीत बसवलं. आणि एकटा पुढं निघून जायचं बरं दिसेना म्हणून एसटीच्या मागनं निघालो. ती थांबली की थांबायचो, निघाली की निघायचो. चौथ्या थांब्यावर कंडक्टर खाली उतरला आणि माझ्याकडं आला.

"काय हो, कवापासनं मागं लागलायत? काय पायजे?"

"काय नाय. सोबत हाय."

त्यानं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं, चिखल, गॉगल, नाडी नसलेले बूट. मग खिडकीत बसलेल्या अक्साला विचारलं, "ओळखीचे हायत काय तुमच्या?"

अक्सा खिडकीतनं वाकली. हसू दाबत होती.

"शेजारी हायत," ती म्हणाली. "अजून गाडी शिकतायत."